शीर

वडाळ्याच्या क्वार्टर्समध्ये पोळपाट उचलला
की त्याच ओट्यावर लॅपटॉप बसतो.
फटीत कणीक गेलीय, एम अक्षर अडकतं,
आणि मी करतेय एमेस्सी.

वय त्रेचाळीस. नोकरी एकवीस वर्षं.
वॉर्डात इन्चार्ज सिस्टर, कॉलेजात रोल नंबर नऊ.
शेजारच्या बाकावरची प्राजक्ती तांडेल
माझ्याच हाताखाली लागली होती स्टाफ म्हणून.
ती मला नोट्स देते, मी तिला डबा.

प्रबंधाचा विषय शय्याव्रण. नमुना साठ.
दादरला एका जिन्याखाली
आकडेमोड करून देणारा एक जण बसतो.
म्हणाला, मॅडम, फरक दिसतोय, पण लक्षणीय नाही.
दर दोन तासांनी कुशीवर वळवलेल्या
किती पाठी डोळ्यांपुढून गेल्या.
काही बोलले नाही. पैसे दिले, पावती घेतली.

आणि आज माझा पाठ.
चाळीस मिनिटं, फर्स्ट इयर, शिरेत सुई घालणे.
आदल्या रात्री पट्टीनं आखलेले रकाने:
वेळ, उद्दिष्ट, आशय,
अध्यापिकेने काय करावे, विद्यार्थिनीने काय करावे.
शेवटच्या रांगेत कुरियन मॅडम,
मांडीवर गुणांचा तक्ता.

टेबलावर रबरी हात, आत लाल पाणी.
या हाताची शीर कधी पळत नाही,
बुजत नाही, दुपारच्या जेवणानंतर रुसत नाही.
गजभिये पुढे आली, भंडाऱ्याकडची,
टोपीखाली तेल चोपडलेले केस.
सुई धरली आणि थिजली.
"टीचर, खरी शीर पण अशीच राहते का?"

या प्रश्नाला मी रकाना आखला नव्हता.

मेल वॉर्ड, खाट सतरा.
मी तेव्हा गजभियेएवढी.
गोदीत जन्मभर ओझी उचललेला माणूस,
अंगात उरलेली फक्त हाडं आणि खोकला.
चार वेळा टोचलं, चारही वेळा चुकलं.
पाचव्यांदा सुई थरथरली,
तेव्हा त्यानंच माझं बोट धरून दंडाच्या लवणीत ठेवलं.
"बाय, डोल्यांनी नको शोधू.
दोर कुठं तानलाय ते बोटालाच समजतं."
समजलं.
शनिवारी आले तर खाटेवर नवी चादर होती.

संदर्भसूचीत आधी आडनाव येतं, मग स्वल्पविराम,
मग वर्ष, मग प्रकाशक.
मला त्याचं नावसुद्धा आठवत नाही.

मी एप्रनची बाही वर सरकवली.
"ये. डोळे मिट आणि शोध."
मागे कुरियन मॅडमचं पेन थांबलं.
गजभियेचं बोट गार, घामेजलेलं,
कोपराच्या आतून चाचपत गेलं, परत आलं.
पहिल्यांदा चुकली. टेंगूळ आलं.
"सॉरी टीचर."
"सॉरी नंतर नाही, आधी म्हणायचं.
टोचते हं, म्हणायचं. आणि त्याच्या तोंडाकडे बघायचं."
दुसऱ्यांदा ती माझ्या तोंडाकडे बघत म्हणाली,
"टोचते हं."
नळीत रक्त आलं, आणि ती एकदम हसली,
घरच्या गोठ्यात वासरू उभं राहिल्यासारखी.

शेरा: वेळेचे नियोजन ढिसाळ.
उद्दिष्ट क्रमांक तीन गाठले नाही.
प्रात्यक्षिकात नियमभंग. वीसपैकी अकरा.
जिन्यात मात्र मॅडम मागून म्हणाल्या,
"कोपर दुमडून ठेव, निळं पडेल."

पडलंच.
नाइटला सुलक्षणामावशीनं बघितलं,
काही न विचारता बर्फ आणून दिला.

पहाटे पाच. घरात सगळे झोपलेले.
ओटा पुसून कोरडा केला.
आभाराचं पान उघडलं:
मार्गदर्शक, प्राचार्य, ग्रंथपाल, घरची माणसं.
त्यांच्या खाली एक ओळ घालतेय.
गाइड बहुतेक काढायला लावतील.
मेल वॉर्ड, खाट सतरा.
एम उमटत नाही.
बोटानं चाचपून पुन्हा दाबते, जरा जोरात.